खाली पडलं ते मुंगीचं

एक होती मुंगी. एवढीशी. तुमच्या नखावर बसली तरी तुम्हाला कळणार नाही, एवढी.

तिचं नाव मिरमिरी.

मिरमिरी राहायची सोजरकाकूच्या स्वयंपाकघरात. चुलीमागच्या भिंतीत एक भेग होती. तेच तिचं घर. घरात तिची पिल्लं. पिल्लं पुष्कळ. भूक त्याहून पुष्कळ.

सोजरकाकूच्या घरात एक नियम होता.

ताटातलं माणसाचं. खाली पडलं ते मुंगीचं.

पडलेलं कुणी उचलायचं नाही. सोजरकाकूचे यजमान केरबाकाका, त्यांनीसुद्धा नाही. एकदा त्यांचा अख्खा लाडू पडला. ते बघत राहिले. लाडू मुंग्यांकडे गेला.

आता दिवस होते उन्हाळ्याचे. चुलीच्या वर मक्याचं एक कणीस टांगलेलं. बियाण्याचं. वाळून खडखडीत झालेलं.

त्यातला एक दाणा निखळला.

टप्प.

खाली पडला. खाली पडलं ते मुंगीचं.

मिरमिरी आली. तुरु तुरु तुरु. दाणा दातांनी घट्ट धरला. दाण्याच्या बुडाशी तिच्या दातांची खूण उमटली.

"झालं," मिरमिरी म्हणाली. "आजचं जेवण झालं."

ती दाणा ओढू लागली.

इकडे सोजरकाकू विळीवर भेंडी चिरत होती. चर्र चर्र चर्र. भेंडी कोवळी. भेंडी चिकट. भेंडीला तार. ही एवढी लांब तार.

एक फोड निसटली.

टप्प.

खाली पडली. नेमकी दाण्यावर. दाणा फोडीला चिकटला.

सोजरकाकू घाईत होती. केरबाकाका ताटावर येऊन बसले होते. भाजी व्हायच्या आधीच. ताटात भाकरी होती. भाजी नव्हती.

घाईघाईत सोजरकाकूने नियम मोडला. पडलेली फोड उचलली. फू केलं. कढईत टाकली.

चुर्र्र्र.

फोड गेली. फोडीबरोबर दाणा गेला. मिरमिरी राहिली.

मिरमिरी चुलीच्या कडेला चढली. तुरु तुरु तुरु.

"सोजरकाकू, माझा दाणा दे."

"कसला दाणा?"

"फोडीला चिकटलेला. फोड पडली होती. पडलं ते मुंगीचं. तू उचललीस."

सोजरकाकूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"घाईत उचलली," ती म्हणाली.

"दे."

"आता कढईत हात घालू? भेंडीला सांग. तिला चिकटलाय. ती सोडते का बघ."

असं म्हणून तिने भाजीत लाल तिखट घातलं. एक चमचा. वर आणखी एक. केरबाकाकांना झणझणीत लागतं.

खॉक. केरबाकाकांना ठसका लागला.

मिरमिरी कढईजवळ गेली.

"भेंडीबाई भेंडीबाई, माझा दाणा सोड."

"का?" भेंडी म्हणाली.

"घरी पिल्लं उपाशी."

"नाही सोडत. मला तार आलीय. टोमॅटोचं आंबट पडल्याशिवाय तार मोडत नाही. तार मोडल्याशिवाय दाणा सुटत नाही."

"टोमॅटो कुठंय?"

"परसात. झाडावर."

सोजरकाकू म्हणाली, "मला कढई सोडता येत नाही. भाजी करपेल."

केरबाकाका म्हणाले, "मला ताट सोडता येत नाही. ताटावर बसलेल्या माणसाने उठायचं नसतं."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

परसात ऊन रणरणत होतं. पाय पोळत होते. टोमॅटो झाडावर लोंबत होता. लाल लाल.

"टोमॅटोदादा टोमॅटोदादा, देठ सोड."

"का?" टोमॅटो म्हणाला.

"भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

"नाही सोडत. घसा कोरडा पडलाय माझा. वाफ्यात पाणी आल्याशिवाय मी देठ सोडत नाही."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

पाणी हौदात होतं. गार गार. निवांत पडून होतं.

"पाणीबाई पाणीबाई, वाफ्यात ये."

"का?" पाणी म्हणालं.

"टोमॅटो देठ सोडेना,
भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

"नाही येत. तोटीत चिंधीचा बोळा कोंबलाय. बोळा निघाल्याशिवाय मी बाहेर येत नाही."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

बोळा तोटीत बसला होता. घट्ट. फुगून.

"बोळोबा बोळोबा, बाहेर नीघ."

"का?" बोळा म्हणाला.

"पाणी वाफ्यात येईना,
टोमॅटो देठ सोडेना,
भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

"नाही निघत. मला काय पाय आहेत? शेळीने ओढल्याशिवाय मी निघत नाही. तिला चिंध्या आवडतात."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

शेळी मागच्या दारापाशी खुंटीला बांधलेली होती. तोंड हलवत होती. तोंडात काही नव्हतं.

"शेळीताई शेळीताई, बोळा ओढ."

"का?" शेळी म्हणाली.

"बोळा काही निघेना,
पाणी वाफ्यात येईना,
टोमॅटो देठ सोडेना,
भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

"नाही ओढत. गळ्यात दावं आहे, दिसत नाही? दावं तुटल्याशिवाय मी हौदाकडे जात नाही."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

दावं तिथंच होतं. शेळीच्या गळ्यापासून खुंटीपर्यंत. तरी मिरमिरी निघाली. तुरु तुरु तुरु. दाव्याच्या मधोमध थांबली.

"दावेदादा दावेदादा, तूट."

"का?" दावं म्हणालं.

"शेळी बोळा ओढेना,
बोळा काही निघेना,
पाणी वाफ्यात येईना,
टोमॅटो देठ सोडेना,
भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

"नाही तुटत. काथ्याचं आहे मी. नवंकोरं. उंदराने कुरतडल्याशिवाय मी तुटत नाही."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

उंदीर बिळात होता. बीळ मागच्या दाराच्या कोपऱ्यात. आत काळोख. काळोखात दोन डोळे. लुक लुक.

"उंदीरमामा उंदीरमामा, दावं कुरतड."

"हळू बोल," उंदीर म्हणाला. "का?"

मिरमिरी हळू बोलली.

"दावं काही तुटेना,
शेळी बोळा ओढेना,
बोळा काही निघेना,
पाणी वाफ्यात येईना,
टोमॅटो देठ सोडेना,
भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

"नाही कुरतडत. बाहेर बघ कोण बसलंय."

मिरमिरीने बघितलं. उंबऱ्यावर मांजर बसली होती. शेपटी हलवत.

"ती उठल्याशिवाय मी बाहेर येत नाही," उंदीर म्हणाला. "माझी पण पिल्लं आहेत."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

मांजरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती रडत नव्हती. तिला ठसका लागला होता.

"मनीमावशी मनीमावशी, ऊठ."

"का? आक्छी."

"उंदीर बाहेर येईना,
दावं काही तुटेना,
शेळी बोळा ओढेना,
बोळा काही निघेना,
पाणी वाफ्यात येईना,
टोमॅटो देठ सोडेना,
भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

"नाही उठत. आक्छी. तिखटाने डोळे मिटलेत माझे. आंधळ्यासारखी कुठं जाऊ? सोजरकाकूला सांग, कढईवर झाकण ठेव. झाकण ठेवल्याशिवाय मी उठत नाही."

"बरं," मिरमिरी म्हणाली.

आणि निघाली. तुरु तुरु तुरु. पुन्हा चुलीपाशी.

चुलीपाशी सगळं तसंच होतं. भेंडी कढईत. तार भेंडीला. काकू कढईपाशी. काका ताटावर.

"सोजरकाकू सोजरकाकू, कढईवर झाकण ठेव."

"का?" सोजरकाकू म्हणाली.

मिरमिरीने श्वास घेतला. मोठा. तिला जमेल तेवढा मोठा.

"मांजर जागची उठेना,
उंदीर बाहेर येईना,
दावं काही तुटेना,
शेळी बोळा ओढेना,
बोळा काही निघेना,
पाणी वाफ्यात येईना,
टोमॅटो देठ सोडेना,
भेंडीची तार मोडेना,
माझा दाणा सुटेना.
घरी पिल्लं उपाशी."

सोजरकाकूने उलथणं खाली ठेवलं. कमरेवर हात ठेवले.

"भेंडीवर झाकण?" ती म्हणाली. "भेंडीवर झाकण ठेवलं की वाफ धरते. वाफ धरली की भेंडीचा चिकटा होतो. माझ्या आईने ठेवलं नाही. माझ्या सासूने ठेवलं नाही. मी ठेवणार नाही."

"नाही ठेवत?"

"नाही."

"खॉक," केरबाकाका म्हणाले. "ठेव की थोडा वेळ."

"तुम्ही ताटावर बसा."

"बसलोच आहे."

आता मिरमिरी "बरं" म्हणाली नाही.

मिरमिरी म्हणाली, "बरं नाही."

आणि बसली. चुलीच्या कडेला. सहाही पाय पोटाशी घेऊन. आता जायचं कुणाकडे? कुणी उरलंच नव्हतं.

भिंतीच्या भेगेतून आवाज आला. बारीक. बारीक.

"आई, जेवण?"

"थांबा," मिरमिरी म्हणाली.

ती कढईकडे बघत राहिली. डोळे मिटले नाहीत. नजर हलवली नाही.

कढई तापली होती. तेल तापलं होतं. तेलात ती फोड होती. फोडीला तो दाणा होता. वाळका. खडखडीत. बियाण्याचा.

दाणा तापला.

दाणा थरथरला.

थर्र. थर्र. थर्र.

आणि मग.

फट्.

दाण्याची लाही झाली. लाही वर उडाली. कढईवर झाकण असतं तर झाकणाला आपटली असती. कढईवर झाकण नव्हतं. भेंडीवर झाकण ठेवत नाहीत.

लाही केरबाकाकांच्या डोक्यावरून गेली. केरबाकाका ताटावरून उठले नाहीत. फक्त मान वर केली. लाही गेली ती थेट उंबऱ्यावर. मांजरीच्या कानावर. लाहीला तेल होतं. लाहीला तिखट होतं. लाहीला भेंडीची तार पण होती. चिकटली.

"म्यँव," मांजर म्हणाली.

आणि उठली. नुसती उठली नाही. दारातून छपरावर गेली.

मांजर उठली,
उंदीर बाहेर आला. सुर्र्र.

उंदराने दावं कुरतडलं. कुर्र कुर्र कुर्र. काथ्या नवाकोरा होता. दात जुने होते. दात जिंकले.

दावं तुटलं,
शेळी हौदाकडे गेली. टपक टपक टपक.

शेळीने बोळा ओढला. ओढला आणि चघळला.

"चव नाही," शेळी म्हणाली. तरी चघळत राहिली.

बोळा निघाला,
पाणी आलं. खळ खळ खळ. पाटातून वाफ्यात आलं.

टोमॅटो पाणी प्याला. गट गट गट. फुगला. जड झाला.

टोमॅटोने देठ सोडला. टपकन् पाण्यात पडला. पाण्याबरोबर वाहत दारापर्यंत आला. उंबऱ्याला धडकला. उडी मारून आत आला. घरंगळत घरंगळत केरबाकाकांच्या गुडघ्याशी थांबला.

केरबाकाका उठले नाहीत. हात लांब केला. टोमॅटो सोजरकाकूला दिला.

"हा कुठून आला?" सोजरकाकू म्हणाली.

"आला," केरबाकाका म्हणाले.

सोजरकाकूने टोमॅटो चिरला. कढईत टाकला.

चुर्र्र्र.

आंबट पडलं. तार मोडली. भेंडी मोकळी झाली. रस सुटला. ठसका थांबला. सगळीकडे वास सुटला, झणझणीत, आंबूस, लाल लाल वास.

मिरमिरी कढईजवळ गेली. तुरु तुरु तुरु.

"भेंडीबाई, तार मोडली?"

"मोडली."

"मग माझा दाणा सोड."

"माझ्याकडे नाही," भेंडी म्हणाली. "तो केव्हाच गेला. फट् झालं ना, तेव्हा."

"कुठं गेला?"

"बाहेर."

मिरमिरी उंबऱ्याकडे निघाली. तुरु तुरु तुरु.

ठसका थांबला होता. म्हणून मांजर छपरावरून खाली आली होती. ती आली तसा उंदीर बिळात गेला. मांजर पुन्हा उंबऱ्यावर बसली. एक कान वर. एक कान खाली. खालच्या कानाला काहीतरी पांढरं.

"मनीमावशी, कानाला काय लागलंय?"

"मला कसं दिसणार? माझाच कान."

मिरमिरीने मान वर करून बघितलं.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "माझा पिवळा होता. माझा छोटा होता. हा पांढरा आहे. हा ढगाएवढा आहे."

मांजरीच्या नाकात शेवटचं थोडं तिखट उरलं होतं. ते गुदगुल्या करू लागलं. मांजरीने नाक वर केलं. तोंड उघडलं. डोळे मिटले.

सगळे थांबले. काकू थांबली. काका थांबले.

"आक्छी."

लाही उडाली.

टप्प.

खाली पडली. उलटी पडली. बुडाशी पिवळं साल होतं. सालावर दातांची खूण होती. बारीक. मुंगीच्या दातांएवढी.

"माझाच," मिरमिरी म्हणाली.

सोजरकाकू कढई उतरवत होती. तिने लाही बघितली. तिने मुंगी बघितली.

"खाली पडलं ते मुंगीचं," सोजरकाकू म्हणाली.

मिरमिरीने लाही धरली. लाही मोठी. मिरमिरी छोटी. पुढून बघितलं तर मुंगी दिसेना. नुसती लाही चालत होती. तुरु तुरु तुरु.

सोजरकाकूने केरबाकाकांना भाजी वाढली. लाल भाजी. हिरव्या भेंडीची. वाढता वाढता एक फोड पळीवरून सरकली.

टप्प.

खाली पडली. भिंतीच्या भेगेपाशी. अगदी जवळ.

केरबाकाकांनी फोडीकडे पाहिलं. मग सोजरकाकूकडे पाहिलं.

"पडली का पाडली?"

"पडली," सोजरकाकू म्हणाली. "जेवा गुमान."

"भाकरी गार झाली."

"भाजी गरम आहे."

केरबाकाका जेवू लागले. खॉक म्हणाले. आणखी वाढ म्हणाले.

भिंतीच्या आत पिल्लं जेवायला बसली. आधी लाही खाल्ली. मग भेंडी खाल्ली.

"हा," एक पिल्लू म्हणालं.

"हू," दुसरं म्हणालं.

"हा हू हा हू," सगळी म्हणाली. डोळ्यांतून पाणी. नाकातून पाणी. मुंगीला नाक असतं का विचारू नका. होतं.

मिरमिरीने विचारलं, "तिखट लागलं?"

"लागलं."

"नको?"

पिल्लांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अजून आहे?"

"उद्या बघू काय पडतंय," मिरमिरी म्हणाली. आणि सहाही पाय पसरून झोपली.

शेळी अजून बोळा चघळतेय.

कढई रिकामी, गोष्ट रिकामी. ताटात असेल ते खा. खाली पडलं असेल ते राहू द्या. ते कुणाचं, तुम्हाला माहीत आहे.